गाद्या सर्वांत शेवटी: ठाण्यातील एका धर्मग्रामाच्या प्रश्नाला उत्तर

आपल्या धर्मग्रामातील (एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समुदायातील) तरुण मंडळाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला, सॅटिसच्या (बसगाड्यांसाठीच्या उन्नत) पुलाखाली आणि फलाटांच्या टोकांना साधारण आठ ते चौदा वर्षांची दहा-बारा मुले आपल्याला रोज दिसतात. चर्चचे सभागृह रात्री रिकामे असते आणि एका कुटुंबाने बारा गाद्या देऊ केल्या आहेत. तेव्हा या मुलांना रात्रीपुरते सभागृहात झोपू द्यावे काय, आणि त्यासाठी काय काय लागेल?

सरळ उत्तर आधी देते: आज आहे त्या स्थितीत झोपू देऊ नये. बाहेर पाऊस कोसळत असताना आतले रिकामे सभागृह कुलूपबंद ठेवणे कोणत्याही श्रद्धावंताला खटकणार, हे मी समजू शकते. मी स्वतः ख्रिस्ती नाही, तरी माझ्या नोकरीची बावीस वर्षे धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी चालवलेल्या निवाऱ्यांमध्ये, त्यातली बरीचशी ठाणे, कल्याण आणि पनवेल या स्थानकांच्या आसपास गेली आहेत. रस्त्यावरच्या मुलाला आसरा देताना बिछाना ही सर्वांत शेवटी येणारी गोष्ट असते, हे मला तिथे हळूहळू कळले. त्याच्याआधी काय यावे लागते, ते लिहिते.

कायद्यापासून सुरुवात करते, कारण त्यात तडजोडीला जागा नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना पूर्णतः किंवा अंशतः निवास देणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे, मग ती संस्था सरकारी अनुदान घेत असो वा नसो. 'आम्ही फक्त रात्री झोपू देतो' हा बचाव त्या 'अंशतः' या शब्दापुढे टिकत नाही. नोंदणीविना संस्था चालवणाऱ्या प्रभारी व्यक्तीला कलम ४२ नुसार एक वर्षापर्यंत कारावास, किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याशिवाय कलम ३२ आपल्यापैकी प्रत्येकाला लागू आहे. हरवलेले, टाकून दिलेले किंवा घरच्यांचा आधार नसलेले मूल आढळल्यास प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत चाइल्डलाइन (१०९८ ही मुलांसाठीची फोनसेवा), पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कोणाला तरी कळवावे लागते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पुढे ते मूल कुठे राहील हे समिती ठरवते. अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या या समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, आणि तिच्या लेखी आदेशाशिवाय कोणत्याही फादरला वा सिस्टरला मूल ठेवून घेता येत नाही.

हा सारा कागदोपत्री व्यवहार चांगल्या माणसांना अपमानासारखा वाटतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. 'आम्ही काही वाईट करत नाही, मग परवानगी कशाला?' असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगते की ज्या दारावर कोणाची देखरेख नाही, नेमके तेच दार शोधत फिरणारीही माणसे असतात. ती स्वयंसेवक म्हणूनच येतात, मुलांशी फार गोड बोलतात आणि रात्रपाळीला नेहमी तयार असतात. नोंदणी, तपासणी, पोलीस पडताळणी आणि हजेरीपट हे सोपस्कार आपल्यावर संशय घेण्यासाठी नसून अशा माणसाला दारातच अडवण्यासाठी आहेत.

आता मुलांविषयी. आपण 'दहा-बारा मुले' असे एका दमात लिहिले आहे, पण माझ्या अनुभवात ती एक टोळी कधीच नसते. त्यांतली काही कुटुंबासोबत पुलाखाली किंवा पदपथावर राहतात, काही दिवसभर गजरे, पेन किंवा पाण्याच्या बाटल्या विकून रात्री झोपडीत परततात, आणि अगदी थोडी, बहुधा दोन-तीन, खरोखर एकटी असतात. या तिन्हींची गरज वेगळी आहे. जे मूल आईच्या कुशीत पदपथावर झोपते त्याला सभागृहात बोलावणे म्हणजे मदत करण्याच्या नावाखाली त्याला आईपासून तोडणे होय. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे त्याच कायद्याचे मूलतत्त्व आहे. अशा कुटुंबांच्या बाबतीत काय करता येते याचा नमुना आपल्या शहरातच आहे. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी २०१६ साली सिग्नल शाळा सुरू केली, ती मुलांना उचलून दुसरीकडे नेण्याऐवजी शाळाच त्यांच्यापाशी आणून. आई एकटी किंवा आजारी असेल, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. तो अर्ज भरायला, दाखले गोळा करायला आणि तीन-चार वेळा कार्यालयात खेटे घालायला एखादा शिकलेला तरुण मिळाला, तर त्या कुटुंबासाठी त्याचे मोल बारा गाद्यांहून अधिक आहे.

जी दोन-तीन मुले खरोखर एकटी आहेत, त्यांच्यातही कालच गाडीतून उतरलेले मूल आणि दोन वर्षे स्थानकावर काढलेले मूल यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नवे मूल लगेच ओळखू येते. ते पादचारी पुलाच्या पायऱ्यांवर बसून गर्दीकडे पाहत असते, त्याच्याकडे शाळेचे दप्तर किंवा प्लॅस्टिकची पिशवी असते आणि पायात बऱ्याचदा अजून चप्पल असते. त्याच्यासाठी पहिली रात्र निर्णायक असते, कारण सकाळपर्यंत कोणीतरी त्याला चहा पाजून आपल्या कामाला लावलेले असते. अशा वेळी थांबू नये. लगेच १०९८ वर फोन करावा किंवा त्याला सोबत घेऊन रेल्वे पोलिसांकडे जावे, आणि नोंद होईपर्यंत तिथून हलू नये. १०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ मध्ये ती सरकारी यंत्रणेकडे गेली, पण क्रमांक तोच आहे.

जुने मूल मात्र घाईने येत नाही आणि आले तरी राहत नाही. इथे मला आपल्याच परंपरेतले एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते बहुतेक ख्रिस्ती संस्थांच्या भिंतीवर तसबिरीच्या रूपात असते, पण त्यातला तपशील फारसा कोणी वाचत नाही. डॉन बॉस्को या धर्मगुरूंनी इटलीतील तुरिन शहरात १८४१ साली रस्त्यावरच्या आणि कामावरच्या मुलांना गोळा करायला सुरुवात केली, ती रविवारपुरती: प्रार्थना, खेळ, थोडे शिक्षण. आवाजाच्या तक्रारींमुळे त्यांना जागा बदलत फिरावे लागले आणि १८४६ च्या ईस्टरला कुठे एक शेडवजा जागा भाड्याने मिळाली. पहिल्यांदा त्यांनी काही मुलांना गवताच्या माळ्यावर रात्री झोपवले, तेव्हा सकाळी मुले आणि पांघरुणे दोन्ही गायब होती, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १८४७ साली पावसात भिजलेला एक पोरका मुलगा दारात आला, तेव्हा त्यांच्या आईने स्वयंपाकघरात त्याच्यासाठी अंथरूण घातले आणि तिथून खऱ्या अर्थाने निवासाची सुरुवात झाली. १८४१ ते १८४७ ही मधली सहा वर्षे माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. त्या काळात ते मुलांना कामाच्या जागी जाऊन भेटत होते, आणि पुढे त्यांनी मालकांशी मुलांच्या वतीने लेखी करार केले, ज्यांत सुट्टी आणि मारहाण न करण्याची अट असे. विवेक, श्रद्धा आणि माया या तीन गोष्टींवर आपली पद्धत उभी आहे, असे ते म्हणत. आमच्या क्षेत्रात यांपैकी मायेची भाषणे भरपूर होतात, विवेक मात्र हिशेबाच्या वहीत आणि रात्रपाळीच्या तक्त्यातच दिसतो.

तर आपण आधी काय करावे? माझा सल्ला असा की सभागृह रात्रीऐवजी दिवसा उघडावे. सकाळी दहा ते सायंकाळी पाच, आठवड्यातून निदान पाच दिवस, आणि तेही ठरल्या वेळी. मुले घड्याळ पाळत नाहीत, पण बंद दार मात्र कायम लक्षात ठेवतात. आंघोळीला पाणी आणि साबण, कपडे धुवायला जागा, जखम धुऊन पट्टी बांधणारे कोणी, कॅरम, आणि एक शांत कोपरा जिथे दुपारी कोणी मारणार नाही या खात्रीने झोपता येईल. रस्त्यावरची मुले दिवसा का झोपतात हे नव्या स्वयंसेवकाला उमगत नाही, तो त्यांना आळशी समजतो. रात्री त्यांना पोलिसांची, मोठ्या पोरांची आणि अनोळखी माणसांची भीती असते, म्हणून ती रात्र जागून काढतात आणि उजाडल्यावर झोपतात. मुक्काम नसला तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र देऊन उपक्रमाची माहिती द्यावी. एकटे मूल आढळल्यास कळवण्याची जबाबदारी दिवसाच्या केंद्रावरही असतेच.

नशेविषयी थोडे स्पष्ट लिहिते. पंक्चरचे 'सोल्युशन' किंवा थिनर रुमालावर घेऊन हुंगणारे मूल आपल्या दारात येणारच. 'नशा सोडून ये' अशी अट घातली तर ते येणार नाही, आणि आत हुंगू दिले तर बाकीची बिघडतील. आमच्याकडे नियम असा होता की रुमाल दारात ठेवायचा, आत यायचे, जाताना परत मागितला तरी मिळणार नाही. पहिल्या महिन्यात भांडणे झाली, एकदा काचही फुटली, पण तिसऱ्या महिन्यापासून काही मुले रुमाल बाहेरच फेकून येऊ लागली. हे स्वयंसेवकांच्या उपदेशाचे काम नाही. व्यसनमुक्तीचे प्रशिक्षण असलेल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे.

दिवसाच्या केंद्राचा मोठा फायदा म्हणजे तिथे मुलाची खरी गोष्ट कळते. पहिल्या दिवशी प्रत्येक मूल अनाथ असते. एका मुलाने आम्हाला गावाचे नाव तीन वेळा विचारल्यावर तीन वेगवेगळी सांगितली. चौथ्या आठवड्यात कॅरम खेळता खेळता तो सहज बोलून गेला की त्यांच्याकडे पोळ्याला बैल आधी मारुतीपुढे नेत नाहीत, दर्ग्याच्या पारावर नेतात. त्या एका वाक्यावरून परभणीकडच्या एका कार्यकर्त्याने गाव शोधून काढले. आई होती, घर होते, आणि पळण्याचे कारण शाळेतला मार होते. मुलाला घरी पाठवणे हे आपले काम नाही, ते समितीच्या आदेशाने होते. सामाजिक तपासणी अहवाल सहसा पंधरा दिवसांत आणि समितीचा अंतिम निर्णय चार महिन्यांत अपेक्षित असतो. प्रत्येक घर परत जाण्याजोगे असतेच असेही नाही. जिथे सावत्र बापाच्या हातच्या चटक्यांचे व्रण मुलाच्या पाठीवर आहेत, तिथे 'आईवडिलांशिवाय मूल सुखी नसते' असल्या वाक्यांना काही अर्थ नसतो.

या सगळ्यातून वर्ष-दीड वर्षानंतर रात्रीच्या निवाऱ्याची गरज खरोखर दिसली, तर दोन वाटा आहेत. एक, बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४३ खालील खुले निवारागृह म्हणून स्वतः नोंदणी करणे. ही सोय रस्त्यावरच्या मुलांना अल्पकाळ आसरा देण्यासाठीच कायद्यात आहे. दोन, आधीपासून नोंदणी असलेल्या संस्थेशी जोडून घेणे. मी दुसरी वाट सुचवीन. मुंबईत येशूसंघीयांनी (जेझुइट धर्मगुरूंनी) १९६२ साली सुरू केलेले स्नेहसदन किंवा सालेशियन (डॉन बॉस्को यांच्या संघाच्या) धर्मगुरूंचे वडाळ्याचे १९८७ पासूनचे शेल्टर यांच्यामागे अनेक दशकांचा सराव आहे. तिथे आपल्या दोन तरुणांनी महिनाभर नुसते काम पाहिले, तरी निम्म्या चुका टळतील. स्वतःच करायचे असेल तर सभागृहाकडे मापाची फीत घेऊन जावे. याच कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांत झोपण्याच्या खोलीत प्रत्येक मुलामागे चाळीस चौरस फूट, सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक स्नानगृह धरले आहे. लग्नाच्या मेजवान्यांसाठी बांधलेल्या सभागृहात हे गणित सहसा बसत नाही. मुली आणि मुलगे एका छताखाली ठेवता येणार नाहीत. रात्री किमान दोन पगारी कर्मचारी जागे हवेत, आणि कोणतीही प्रौढ व्यक्ती, मग ती झगा घातलेली का असेना, बंद खोलीत एका मुलासोबत एकटी असता कामा नये.

आणि कुठे गैरप्रकाराचा संशय आला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवावेच लागते. बिशप हाऊसला पत्र पाठवले म्हणजे पोलिसांना कळवले असे होत नाही. हा मुद्दा मी मुद्दाम ठळक करते, कारण मी काम केलेल्या एका ठिकाणी आतल्या आत चौकशी करण्यात तीन आठवडे गेले आणि त्या तीन आठवड्यांत ते मूल निघून गेले. त्याचा पत्ता नंतर लागला नाही.

धर्माचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो पहिल्याच महिन्यात कोणीतरी विचारील, तेव्हा उत्तर तयार असावे. महाराष्ट्रात हा प्रश्न जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही विधवा व मुलींसाठीची निवासी शाळा सुरू केली, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. सदनातल्या मुली प्रार्थनेत सामील होतात यावरून १८९३ साली वाद पेटला, 'केसरी'ने टीका केली, सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी १८९६ नंतरच्या दुष्काळात केडगावला शेकडो मुलींना आधार दिला, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्या श्रद्धेवर शंका घेण्याचे मला कारण नाही. पण पालकांची संमती आणि मुलाचे अवलंबित्व यांचा पेच त्या काळी सुटला नाही, तो आजही आहेच. जेवण आणि छप्पर तुमच्या हातात असताना मुलाने दिलेला होकार हा होकार नसतो.

म्हणून मी पाहिलेल्या चांगल्या संस्थांनी स्वतःवर बंधने घालून घेतली होती. मुलाचे नाव बदलायचे नाही. त्याच्या धारिकेत धर्माच्या रकान्यात तो जे सांगेल तेच लिहायचे. संस्थेत असेपर्यंत स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) नाही, धर्मशिक्षणाचा तास नाही, मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) नेणे नाही. सकाळी दोन मिनिटे शांत बसणे, एवढेच सर्वांसाठी. नाताळ जोरात, पण ईद आणि गणपतीही तितक्याच मनापासून. मासुंदा तलावावरचे विसर्जन पाहायला मुलांना नेणारे एक फादर मला आजही आठवतात. याउलट एकदा एका स्वयंसेविकेने जालन्याकडच्या मुलाच्या गळ्यात प्रेमाने मारियामातेचे पदक घातले. ते आमच्या लक्षात आले नाही, त्याच्या आजीच्या मात्र पहिल्या क्षणी आले. मूल घरी पोहोचले, पण नंतरच्या पाठपुराव्याला आमच्या कार्यकर्त्याला गावात कोणी दारात उभे केले नाही, आणि चार महिन्यांनी ते पुन्हा पळाले तेव्हा आम्हाला कोणी कळवलेही नाही.

छायाचित्रांचेही असेच. लंडनमध्ये १८७० साली स्टेपनी येथे मुलांचे वसतिगृह उघडणारे डॉ. बर्नार्डो यांचे काम मोठे होते. जागा नाही म्हणून परत पाठवलेला एक मुलगा मेल्यावर त्यांनी कोणत्याही निराधार मुलाला नकार द्यायचा नाही असे ठरवले. पण देणगीसाठी विकलेली 'आधी' आणि 'नंतर'ची छायाचित्रे मुद्दाम सजवलेली होती, असे १८७७ च्या लवादात उघड झाले. आपल्याकडे आज बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हाच गुन्हा आहे. धर्मग्रामाच्या पत्रिकेत चेहरा धूसर करून छापण्याची पळवाटही काढू नये, कारण पुलाखालचा माणूस शर्टावरून मूल ओळखतो.

पैशांबाबत दोनच गोष्टी. आपल्या न्यासाच्या उद्देशपत्रिकेत बालसंरक्षणाचे काम बसते का, हे सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे. आणि परदेशातील नातलगांकडून देणगी घेण्याचा विचार असेल तर विदेशी अंशदान कायद्याची नोंदणी नसताना एक रुपयाही स्वीकारू नये. बाकी लोक अन्न आणि कपडे आनंदाने देतात, पगाराला पैसे देत नाहीत. नाताळच्या आठवड्यात आमच्याकडे एकदा चौदा केक आले होते. जूनमध्ये समुपदेशक बाईंचा पगार मात्र थकला होता.

राहिल्या बारा गाद्या. त्या कुटुंबाचे आभार मानून तूर्त थांबायला सांगावे आणि त्याच पैशांत कुलूप लागणारे बारा छोटे लोखंडी कप्पे मागावेत. रस्त्यावरच्या मुलाकडे लपवण्याजोगे काही ना काही असते: दोनशे रुपये, एखाद्या सिनेमाच्या पोस्टरचा तुकडा, बहिणीचा फोटो. रात्री झोपेत ते चोरीला जाते, म्हणून तो पैसा संध्याकाळीच उडवून टाकतो. कप्प्याची किल्ली मुलाच्या गळ्यात असावी, दुसरी कार्यालयात, आणि दुसरी किल्ली त्याच्यासमोरच वापरावी. आमच्याकडे बहुतेक मुले पहिल्यांदा परत आली ती जेवायला नव्हे, आपला कप्पा जागेवर आहे का हे पाहायला.